मेकॅनिकलच्या वर्कशॉपमधल्या मुली: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाच जणांच्या गटात एकच मुलगी टाकायची आणि "तुझं अक्षर चांगलं आहे" म्हणून जर्नल तिच्या गळ्यात घालायचं. मुलं लेथवर (धातूचा रॉड फिरवून कापायचं यंत्र), ती वहीवर. तोंडी परीक्षेच्या दिवशी हे उघडं पडतं. बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, "टूलचं टोक सेंटरला कसं आणलंस?" सगळा रिपोर्ट तिने टाइप केलेला असतो, पण टूलखाली, म्हणजे कापणाऱ्या हत्याराखाली, उंची जुळवायला पॅकिंगची पट्टी कधी सरकवलेली नसते. ती गप्प राहते, मार्क जातात. पुढे शिरोलीच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेली की तोच प्रश्न. यात दोष तिचा नाही, गट पाडणाऱ्याचा आहे.

म्हणून दोघी-तिघींना एकाच गटात ठेवा. एखाद्या गटात मुलगी नसली तरी चालेल. लेथवर दर २० मिनिटांनी माणूस बदला. प्रत्येकाने २५ मिमीच्या रॉडचं फेसिंग करावं (टोक सपाट करावं), ०.५ मिमीचा कट घ्यावा, व्हर्नियरने मोजून माप आपल्या नावापुढे लिहावं. "वेळ नाही, येतंय त्याला करू दे" हे मला अजिबात पटत नाही. बाकीच्यांना मग येणार कधी?

दुसरी चूक, सुरक्षेच्या नावाखाली मुलीला लांब उभं करणं. फिरत्या चकजवळ, म्हणजे रॉड पकडणाऱ्या भागाजवळ, ओढणी घातकच. मग ओढणी बाहेर ठेवा, मुलीला नको. केस बांधून टोपीत, एप्रन अंगासरशी, बाह्या कोपरापर्यंत. अंगठी, बांगडी, कडं मुलांनीही काढायचं. लेथवर हातमोजे कुणीच घालायचे नाहीत.

कानस घासताना जॉब (घडवायचा तुकडा) पकडणाऱ्या व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. बाक उंच असला की खांदे वर चढतात, कानस डुलते, जॉब मधे फुगीर होतो आणि सर म्हणतात, "जोर कमी पडतो." पायाखाली भक्कम लाकडी फळी द्या, फरक लगेच दिसेल.

सेफ्टी शूज ४, ५, ६ नंबरचेही मागवा.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ट्रेनिंगला पाठवण्याआधी कंपनीला फोन करा: बायकांचं स्वच्छतागृह चालू आहे का, शिफ्ट सुटल्यावर बस मिळते का? दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते; तिच्या सदस्यांची नावं विचारून मुलीकडे द्या. आणि तिला थेट ऑफिसात न बसवता आधी मोल्डिंग आणि मशिनशॉप दाखवायला सांगा.