शकातली जत्रा, सनातलं नाटक

गोव्यातल्या नाटकांच्या जुन्या कागदांवर काम करायचं ठरवलेली मुलं आधी पणजी गाठतात. गाठाच. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाची सुरुवात 1832 ची, पुराभिलेख खात्याची तर 1595 ची. तेव्हा आपलं नाटकही तिथे जपलेलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण सरकारने जपले ते सरकारचे कागद. नाटक तिथे भेटलंच तर परवानगीच्या अर्जात किंवा एखाद्या देवस्थानाच्या हिशेबात, तेही ओझरतं. बाडं (नाटकांच्या हस्तलिखित वह्या), नकला (एकेका पात्राची उतरून घेतलेली भाषणं), हँडबिलं हा खरा ऐवज गावात असतो. कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, निम्मा कसरीने खाल्लेला.

आपल्याकडे उत्सवी नाटक जत्रेला होतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे कागदावरच्या तारखेचं काय होतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून इथे जरा लांबण लावते.

समजा हँडबिलावर आहे: शके 1853, माघ शुद्ध सप्तमी, रात्रौ पालखीनंतर. शकात 78 मिळवले की इसवी सन, हे आपण शाळेत घोटलेलं. उत्तर येतं 1931, आणि ते चूक आहे. शक बदलतो पाडव्याला, सन बदलतो जानेवारीत. माघ येईपर्यंत सन उलटलेला असतो, शक मात्र जुनाच चालू असतो. म्हणून तिथे 79 मिळवायचे: 1932. चैत्र ते कार्तिक 78, माघ-फाल्गुनाला 79. मार्गशीर्षाचं शेपूट आणि पौष कुंपणावर बसलेले. त्यांच्यासाठी त्या वर्षाचं पंचांग उघडल्याशिवाय साल लिहूच नका. अंदाजानेही नको.

ही चूक कुठेही होऊ शकते, पण गोव्यात ती ढिगाने होते. मंगेशीची जत्रा माघात, कवळ्याच्या शांतादुर्गेची माघात, शिगमो म्हणजे शिमगा फाल्गुनात. नाटकांचा भर नेमका जिथे हिशेब घसरतो तिथेच. त्यातून आपल्याकडे दुहेरी कागद. हँडबिल शकात बोलतं, पोर्तुगीज कारभाराचा परवाना सनात. मग यादीत एकाच प्रयोगाची जुळी नाटकं जन्मतात, एक 1931 चं आणि एक 1932 चं. त्यावर ‘मंडळाने हे नाटक सलग दोन वर्षं केलं, इतकं ते गाजलं’ असे निष्कर्षही उभे राहतात. ही जुळी निस्तरण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला.

रात्रीचं आणखी वेगळं. पालखी, आरती, मग पडदा, तोवर मध्यरात्र उलटलेली. हँडबिल आदल्या दिवसाची तिथी सांगतं, वर्तमानपत्रातली बातमी दुसऱ्या दिवसाची तारीख. एका दिवसाचा फरक असणारच, त्याने गडबडू नका. वर्षाचा फरक दिसला तर मात्र हातातलं काम थांबवा.

शक छापलेलाच नसेल तर? नुसती तिथी आणि वार यांवर भरवसा ठेवता येत नाही, ती जोडी काही वर्षांनी पुन्हा जुळते. पण तिकिटाचे दर बोलतात. एस्कुदो हे पोर्तुगीज नाणं दिसलं तर कागद 1958-59 पासूनचा, कारण त्या सुमारास गोव्यातला पोर्तुगीज रुपया गेला. नवे पैसे असतील तर 1961 च्या गोवामुक्तीनंतरचा. मात्र प्रयोग गोव्यातलाच होता ना, ते पाहून घ्या. गोवा हिंदू असोसिएशनसारखी संस्था 1919 मध्ये निघाली ती मुंबईत, आणि आपल्या माणसांची मुंबईतली हँडबिलंही याच पेट्यांत असतात. तळाशी सेन्सॉरने तपासल्याची पोर्तुगीज ओळ असली तर 1926 ते 1961 मधला काळ धरा.

कागदामागे घरच्यांनी पेन्सिलीने घातलेलं साल उतरवून घ्या, पण ते घरच्यांचं म्हणून. आठवण नेहमी मोठ्या नावाला लटकते. मी गेले त्या प्रत्येक घरात गायक-नट दीनानाथ मंगेशकर येऊन गेलेले आहेत! मंगेशीचा हा मुलगा जन्मला 1900 मध्ये, त्याची नाटक कंपनी बळवंत संगीत मंडळी 1918 ची, आणि तो गेला 1942 मध्ये. एवढ्या तीन सालांवर बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे गळतात. यजमानांना मात्र तसं तोंडावर सांगू नका, पुढची पेटी उघडायची आहे.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडू आहे. मोठ्या नावाचा माणूस प्रस्तावना लिहून देईल, पण गावातला म्हातारा प्रॉम्प्टर तुम्हाला दोन मंडळांच्या नकला एकाच अक्षरात का आहेत ते सांगेल. त्याच्याकडे आधी जा. मोबाइलवर धडाधड फोटो काढून घरी वाचू, हा बेतही सोडा. मागची बाजू राहते, गठ्ठ्याचा क्रम मोडतो, आणि तो क्रमच कधी कधी एकमेव पुरावा असतो. फाटक्या कागदाला सेलोटेप लावणाऱ्याला तर मी माफ करत नाही.

पोर्तुगीज येत नाही म्हणून हातपाय गाळू नका. परवान्यांची भाषा ठरावीक, तेच तेच शब्द फिरून येतात. पणजीत शिकायची सोय आहे, आणि महिन्यांची नावं व आकडे वाचता आले तरी पहिल्या टप्प्याला पुरतं. मोडीला जास्त वेळ लागतो. लागू दे.

वहीत तारखेला दोन रकाने ठेवा: कागदावर आहे तशी, आणि तुम्ही काढलेली. पहिल्या रकान्यात कधीही खाडाखोड करायची नाही. आणि ज्या घरांशी बोलणं झालंय त्यांना चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी फोन करा. घरं झाडून निघतात ती तेव्हाच, आणि माळ्यावरच्या पेट्या रद्दीत जातात त्याही तेव्हाच.