एमजीबीचे जोडकार्बोरेटर बांधून झाल्यावर: ट्यूनिंगचा क्रम

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीवर नव्या किटने बांधलेले दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर बसवले, गाडी स्लोवर (आयडलवर) थांबेना, की हात आपोआप जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या) नटाकडे जातो. तो आवरा. मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण, हे सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याआधीचं काही चुकलेलं असेल तर नट कितीही फिरवा, गाडी आज बरी चालेल आणि उद्या पुन्हा मिसिंग मारेल.

सुरुवात इंजिनपासून. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६, प्लगचा ०.०२५, मग टायमिंग. कार्बोरेटरच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच मिटतात.

कार्बोरेटर अजून बाकावरच असतील तर तीन गोष्टी बघून घ्या. डोम (वरचं टोपण) आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन ही जुळवलेली जोडी असते. पुढचा पिस्टन मागच्या डोममध्ये गेला तर तो अडकतो किंवा हवा सोडतो. निडलचा (पिस्टनला लावलेल्या, जेटमध्ये शिरणाऱ्या निमुळत्या सुईचा) खांदा पिस्टनच्या खालच्या पृष्ठभागाशी बरोबर सपाट हवा. अर्धा मिलिमीटर वरखाली झाला तरी दोन्ही कार्बोरेटर कधी सारखे लागत नाहीत. आणि फ्लोट. त्याच्या भांड्याचं झाकण उलटं धरा, फ्लोटच्या दांडीखाली ३ ते ५ मिमी जाडीचा गोल रॉड सरकवा. पेट्रोल अडवणारी सुई बंद असताना दांडी त्याला जेमतेम टेकली पाहिजे. पातळी चढी राहिली तर पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून गळतं किंवा जेटमधून उतू जातं, आणि आपण उगाच मिक्स्चर कमी करत बसतो.

आता जेट सेंटरिंग. हे फक्त घट्ट बसणाऱ्या निडलसाठी; नंतरच्या मॉडेलमधली स्प्रिंगवाली निडल जेटच्या कडेला टेकूनच चालते, तिला याची गरज नाही. जेट पूर्ण वर घ्या, पिस्टन उचलून सोडा. ब्रिजवर (जेटच्या तोंडाभोवतीच्या सपाट भागावर) आपटून स्वच्छ ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग जेट खाली घेऊन तेच करा. पहिल्या वेळी आवाज मऊ आणि दुसऱ्या वेळी खणखणीत असेल, तर निडल जेटला घासते आहे. जेट बेअरिंगचा मोठा नट सैल करा, जेट वर ठेवा, पिस्टन हलक्या हाताने खाली दाबा, नट आवळा, पुन्हा तपासा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतं. आवळताना जेट थोडं फिरतंच, तेव्हा पहिल्याच खेपेला जमलं तर पुन्हा एकदा तपासा.

डोममध्ये २० ग्रेडचं तेल घाला. डॅम्पर (पिस्टनची चाल मंदावणारा दांडा) आत सोडताना टोपी डोमपासून सुमारे ६ मिमी वर असतानाच विरोध लागला पाहिजे. तेल नसेल तर अचानक रेस दिल्यावर पिस्टन झटकन वर उडतो, हवा जास्त शिरते आणि गाडी अडखळते. जाड तेल घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

चोकची दांडी सोडून ठेवा. दोन्ही जेट ब्रिजशी सपाट करा आणि तिथून जेटचा नट दोन पूर्ण फेरे, म्हणजे बारा पैलू (नटाच्या सहा बाजू दोनदा), खाली घ्या. स्लोचे स्क्रू थ्रॉटल जेमतेम बंद होईल तिथून दीड फेरा आत. दोन थ्रॉटलमधल्या दांड्यांचे क्लॅम्प सैल करा. हे विसरलात तर एका कार्बोरेटरचा स्क्रू दुसऱ्यालाही हलवतो आणि दिवस वाया जातो.

इंजिन पूर्ण गरम करा. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा आणि दोन्हीकडे ‘सूं’ आवाज सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवा. आता मिक्स्चर: पिस्टनखालची पिन आधी मोकळी चाल संपेपर्यंत उचला, मग आणखी जेमतेम १ मिमी. इंजिनचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), नट वर घ्या. लगेच पडला तर लीन (पेट्रोल कमी), नट खाली. किंचित वाढून परत जागेवर आला की बरोबर. एका वेळी एकच पैलू, आणि प्रत्येक वेळी जेट वर दाबून नटाला टेकवा. एकीकडे बदल केला की दुसरीकडेही पुन्हा बघा. दर तीन मिनिटांनी अर्धा मिनिट २५०० आरपीएमवर इंजिन मोकळं करा, नाहीतर प्लग भरतात आणि खोटा निकाल मिळतो.

नट कितीही खाली घेतला तरी उत्तर लीनच येत असेल, तर कार्बोरेटर बाहेरून एअर घेतो आहे. गॅस्केट आणि थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटल ज्यावर फिरतं तो दांडा) बघा. झिजलेलं स्पिंडल किट टाकून बरं होत नाही. नवं स्पिंडल, बहुधा बुशही लागतात.

क्लॅम्प आवळताना दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी हलतात ना ते बघा. चोकची केबल दीडेक मिलिमीटर ढिली ठेवा. ताणलेली राहिली तर जेट पूर्ण वर येत नाही आणि गाडी कायम रिच चालते. एअर फिल्टर लावून पिनची चाचणी पुन्हा घ्या. मग लांब चक्कर मारून प्लग काढा. चारही फिकट तपकिरी असतील तर ठीक. पहिले दोन काळे आणि मागचे दोन तपकिरी दिसले, तर पुढच्या कार्बोरेटरचा नट एक पैलू वर.