राखीपौर्णिमेचा नारळी भात: शीत मोकळे आणि मऊ राहण्यासाठी

श्रावणी पौर्णिमेला कोकण किनाऱ्यावर कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि त्याच दिवशी घरोघरी बहिणी भावांना राखी बांधतात. या दोन्ही सणांचे पक्वान्न एकच, नारळी भात. भावाने तो पुन्हा मागून घ्यावा असे वाटत असेल, तर पुढील क्रम सोडू नये.

तांदूळ जुना घ्यावा, कारण नवा तांदूळ गुळात चिकट होतो. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा, साजूक तुपात लवंगा टाकून त्यावर परतावा आणि दोन वाट्या गरम पाणी व चिमूटभर मीठ घालून शिजवावा.

खरी परीक्षा यापुढे आहे. ‘भात जरा कच्चाच ठेवा, गुळात शिजेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. गूळ पाणी स्वतःकडे ओढतो. त्यामुळे तो पडल्यावर दाणा पुढे शिजत नाही, उलट आवळतो, आणि एकदा आवळलेला दाणा नंतर कितीही पाणी शिंपडले तरी मऊ होत नाही. म्हणून शीत बोटांत दाबून पाहावे आणि मध्ये कणी लागली, तर गुळाच्या डब्याला हातही लावू नये. पूर्ण शिजलेला भात परातीत पसरून गार करावा, कारण गरम शिते ढवळताना मोडतात.

गार भातात एक वाटी चिरलेला गूळ आणि एक वाटी ओले खोबरे हलक्या हाताने मिसळावे. खोबरे खवणताना करवंटीलगतचा तपकिरी भाग येऊ देऊ नये. जाड बुडाचे पातेले तव्यावर ठेवून आच मंद करावी. गूळ विरघळताच भात पातळ झालेला दिसतो. अशा वेळी धीर सोडून आच मोठी करू नये, कारण पाक घट्ट झाला की गार झालेला भात कडक होतो. झाकण ठेवून वाफ येऊ द्यावी, मधूनच कडेने उलथने घालून भात वरखाली करावा आणि रस भातात जिरला की गॅस बंद करावा.

वेलची, तळलेले काजू आणि बेदाणे शेवटी घालावेत.

ओवाळण्याच्या दोन तास आधी भात तयार असावा, म्हणजे तो मुरतो. पावसाळी दमट हवेत ओले खोबरे लवकर आंबते, त्यामुळे तो त्याच दिवशी संपवावा; पुन्हा गरम करायचा झाल्यास नारळाचा रस शिंपडून वाफेवरच करावा.