कानात मशीन असलेलं मूल तुमच्या वर्गात असेल, तर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्यात मी समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका आहे. गटसाधन केंद्रातून निघायचं, मिळेल त्या एसटीने शाळा गाठायची आणि तिथल्या शिक्षकांबरोबर बसून श्रवणयंत्र वापरणाऱ्या त्या एका मुलाचं कसं चाललंय ते बघायचं, हे माझं काम. पण मी एका शाळेत रोज पोचू शकत नाही. तुम्ही रोज असता, म्हणून हे वर्गशिक्षकांसाठी लिहिते आहे.

पहिली गोष्ट: कानात मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, दिसतंय म्हणजे मुलाला ऐकू येतंय, असं धरून चालू नका. सेल संपलेला असतो, मशीनमधून कानात आवाज नेणाऱ्या ट्यूबमध्ये पाण्याचा थेंब अडकलेला असतो, मोल्डच्या (कानाच्या मापाने केलेल्या, कानात बसणाऱ्या भागाच्या) भोकात मळ बसलेला असतो. मूल काही बोलत नाही. विशेषतः पहिली-दुसरीतलं मूल तर नाहीच, कारण बंद मशीन आणि चालू मशीन यांतला फरक सांगण्याइतकी भाषाच त्याच्याकडे अजून आलेली नसते. मग ते दिवसभर शेजारच्याची वही बघून लिहितं आणि आपण म्हणतो, ‘लक्ष नसतं त्याचं.’

म्हणून परिपाठ झाला की दोन मिनिटं काढा. मशीन काढून, चालू ठेवून, मुठीत बंद करा. शिट्टी वाजली तर सेल जिवंत आहे. (काही नवी डिजिटल यंत्रं शिट्टी दाबून टाकतात, तुमच्या मुलाचं तसं आहे का ते श्रवणतज्ज्ञाकडून, म्हणजे ऑडिओलॉजिस्टकडून, पालकांना विचारून घ्यायला सांगा.) ट्यूब उजेडासमोर धरून बघा. ती पिवळी पडून कडक झाली असेल तर बदलायला हवी. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. घाईत अदलाबदल होते. कानात नीट बसवल्यावरही मशीन सारखं शिट्टी मारत असेल, तर बहुतेक मोल्ड सैल झालाय. कान वाढतो, मोल्ड वाढत नाही. शिट्टीचा त्रास होतो म्हणून आवाज कमी करून ठेवू नका. पालकांना नवा मोल्ड करून घ्यायला सांगा.

आता खरी चाचणी. डॅनियल लिंग यांनी बसवलेली ही सहा ध्वनींची तपासणी आहे, तिला काहीही साहित्य लागत नाही: म्, ऊ, आ, ई, श्, स्. मुलाच्या थोडं मागे, साधारण एक मीटरवर उभे राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी म्हणा आणि मुलाला तो परत म्हणायला सांगा. क्रम रोज बदला. मधलं अंतरही कमी-जास्त ठेवा, कधी दोन सेकंद, कधी सहा, नाहीतर हुशार पोरं ठेक्यावरून अंदाज बांधतात. एका मीटरवर जमलं की तीन मीटरवरून करा, कारण तुम्ही फळ्याजवळून शिकवता तेव्हा अंतर तेवढंच असतं. म् आणि ऊ हे खालच्या पट्टीतले ध्वनी, श् आणि स् वरच्या. काल येणारा स् आज येत नसेल, तर त्या मुलाला ‘सात’ऐवजी ‘आत’ ऐकू येतंय, असं समजा. वहीत तारखेसमोर सहा खुणा करून ठेवा. मी येते तेव्हा आधी ती वही मागते. ऑडिओलॉजिस्टलाही ती फार उपयोगी पडते.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यात जास्त यंत्रं बिघडतात ती दमटपणामुळे. रात्री मशीन पुसून, सेल काढून, सिलिका जेलच्या पुड्या असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. सेल मात्र त्या डबीत ठेवू नका, तो हवेवर चालणारा झिंक-एअर सेल असतो आणि जेलमुळे सुकून लवकर जातो. नव्या सेलचं स्टिकर काढलं की मिनिटभर हवेत ठेवून मग बसवा. साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा तो फक्त मोल्ड, तोही मशीनपासून वेगळा करून. आणि जुने सेल घरातल्या लहान भावंडाच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं. हे पालकसभेत मी प्रत्येक वेळी सांगते.

बसायची जागा: दुसरा बेंच, कडेचा, चांगला कान तुमच्याकडे. तिथून तुमचा चेहराही दिसतो आणि मान वळवली की मुलंही दिसतात. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका, चेहरा अंधारात जातो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळायला लागला की कुठलंच यंत्र उपयोगाचं राहत नाही. तेवढा वेळ लेखी काम द्या.

श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं: तुमचा, बेंच सरकल्याचा, बाहेर चाललेल्या कवायतीचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून मागच्या बाकापर्यंत शिक्षकाचा आवाज गोंगाटात विरून जातो. यावर उपाय म्हणजे शिक्षकाने लावायचा बिनतारी माइक, एफएम (रेडिओलहरींवर चालणारा) किंवा त्याचा नवा डिजिटल प्रकार. तुमचा आवाज थेट मुलाच्या यंत्रात पोचतो. घेण्याआधी मुलाचं मशीन त्याला जोडता येतं का, टी-कॉइल (माइकचा सिग्नल पकडणारी, यंत्रातली बारीक तारेची गुंडाळी) आहे का, हे ऑडिओलॉजिस्टकडून पक्कं करा. माइक तोंडापासून वीतभर खाली लावा. मंगळसूत्रावर किंवा पदराच्या जरीवर घासला तर मुलाच्या कानात नुसती खरखर जाते. दुसरं मूल उत्तर देत असेल तर माइक त्याच्या हातात द्या, किंवा त्याचं उत्तर तुम्ही पुन्हा म्हणा. कार्यालयात जाताना बंद करा. हे नीट केलेल्या एका वर्गात मी बघितलंय, मुलं माइकसाठी हात वर करायला लागली आणि एका वेळी एकच जण बोलायला लागला. त्याचा फायदा सगळ्या वर्गाला झाला.

वाचता येणाऱ्या, म्हणजे साधारण पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी अँड्रॉइड फोनवर ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हे मोफत ॲप आहे. भाषा मराठी निवडा आणि फोन तुमच्या जवळ ठेवा; तुम्ही बोलता ते पडद्यावर उमटतं. नेट चांगलं लागतं. गावांची नावं, कविता, गणितातली पदं यांत ते चुकतं, म्हणून नवे शब्द आधी फळ्यावर लिहा.

पैशांचं: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १७ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत योग्य साधनं मोफत मिळायला हवीत. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेची साहित्य-साधनांची शिबिरं होतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढायला लावा, आणि मुलाचं नाव शिबिराच्या यादीत गेलंय का ते गटसाधन केंद्रात स्वतः विचारा.

मे महिन्याची सुट्टी लागण्याआधी पालकांना सांगा की सुट्टीतही मशीन रोज घालायचं, आणि जूनच्या आत मोल्ड एकदा तपासून आणायचा. सहा ध्वनींची वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या हातात द्या, आणि चाचणी कशी घ्यायची ते एकदा समोर करून दाखवा.