तुवालूत राहायला जायचंय? आधी पाण्याची टाकी बघा

निळंशार पाणी आणि माडांचे फोटो बघून तुवालूला कायमचं जायचं मनात घेतलं असेल, तर घर ठरवण्याआधी त्या घराची टाकी बघा. प्रशांत महासागरातल्या नऊ बेटांच्या या देशात नदी नाही, ओढा नाही आणि जमिनीखालचं पाणी खारट. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून टाकीत उतरतो, त्यावरच घर चालतं. २०११ साली पावसाने दडी मारली तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. म्हणून टाकी किती लिटरची, पन्हळ कुठे गळते का, हे स्वतः तपासा. घरमालकाच्या शब्दावर जाऊ नका.

दुसरी काळजी तब्येतीची. मोठं रुग्णालय एकच, राजधानी फुनाफुटीत. अवघड आजाराला फिजी गाठावं लागतं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. पहिलं एटीएम आलं तेच २०२५ मध्ये, तेव्हा रोख जवळ असू द्या. जमीन पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या कुटुंबांची, परक्याला विकत मिळत नाही.

माझं ऐका, आधी महिनाभर राहून बघा. जहाज लांबलं की दुकानातल्या फळ्या कशा रिकाम्या होतात, तेही कळेल.