ओपन इलेक्टिव्ह घेताना: एफ. वाय.ला येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

एफ. वाय.चा फॉर्म भरायला बसलं की मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी अक्षरांची रांगच समोर येते. मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, विचार घरात महिनाभर चाललेला असतो. ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, मात्र बहुतेक जण ऑफिसच्या खिडकीपाशी, पुढच्याने काय भरलं ते बघून भरतात. मी पुणे विद्यापीठाशी संलग्न अशा तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी. करते, मेजर केमिस्ट्री. एस. वाय. संपल्यावर माझं मत पक्कं झालंय: या फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी चौकट ओईचीच आहे.

आधी नियम. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार ओई तुमच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. सायन्सवाल्याने कॉमर्स किंवा आर्ट्सकडे जायचं, बी. कॉम.वाल्याने सायन्स किंवा आर्ट्सकडे. संलग्न कॉलेजांत मेजर-ओईची ही रचना २०२४-२५ पासून आली. एका सेमला २० ते २२ क्रेडिट असतात, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. त्या निर्णयात त्यांतले १० ते १२ क्रेडिट ओईला दिले होते.

क्रेडिट म्हणजे नक्की किती काम, हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेममध्ये १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सेम १५ आठवड्यांचं धरा. एखादीचे २२ क्रेडिट सगळे थिअरीचे असतील तर आठवड्याला २२ तास होतात. तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचे त्यांतले सहा क्रेडिट प्रॅक्टिकलचे असतील तर तेच २८ तास होतात. मार्कशीटवर दोघींचे क्रेडिट सारखेच दिसतात. शिवाय जर्नल लिहायचं काम या तासांत धरलेलंच नाही. म्हणून सायन्सच्या मुलांनी ओईत पुन्हा प्रॅक्टिकल असलेला पेपर घेण्याआधी आठवड्याचे तास कागदावर मांडून बघावेत.

मी कॉमर्स विभागाचा हिशेबशास्त्राची ओळख करून देणारा पेपर घेतला होता. सरांनी सुरुवातीलाच फळ्यावर एका किराणा दुकानाची नोंद मांडली: ८,००० रुपयांचा माल रोखीने आणला, तो सगळा १०,००० ला उधारीवर विकला. नफा किती? सगळे म्हणाले २,०००. मग सरांनी विचारलं, गल्ल्यात किती? गल्ल्यातले ८,००० तर गेलेलेच होते. कागदावर नफा आणि हातात पैसा नाही, ही गोष्ट माझ्या गावातल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे, पण ती खात्यांमध्ये कशी दिसते ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, ट्रायल बॅलन्स), तेरजेतून ताळेबंद, असं एकेक पाऊल.

तेरजेवर मी खूप रेंगाळले. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे, हे आमच्या रासायनिक समीकरणासारखंच वाटत होतं. पण सरांनी दुरुस्तीचा खर्च मुद्दाम यंत्रसामग्रीच्या खात्यात टाकून दाखवला. तेरीज तरीही चोख जुळली आणि नफा मात्र फुगला, कारण तो खर्च म्हणून धरलाच गेला नव्हता. समीकरण संतुलित झालं म्हणजे ती अभिक्रिया खरोखर घडतेच असं नाही, हे आम्हाला केमिस्ट्रीत सांगितलेलं होतं. तीच शंका दुसऱ्या विभागात, वेगळ्या कारणासाठी घ्यायची सवय लागली आणि तिचा मला प्रॅक्टिकलची रीडिंग तपासतानाही उपयोग झाला. शाखेबाहेरचा पेपर घ्यायचा तो यासाठी. बी. कॉम.च्या एका मैत्रिणीने मोडी लिपीचा पेपर घेतला. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता अक्षरं लिहीत जायचं, हे ती तासन्‌तास गिरवायची. आता घरातली जुनी कागदपत्रं तिला थोडीफार वाचता येतात.

‘स्कोअरिंग आहे, घेऊन टाक’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो बाजूला ठेवा आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवरून त्या पेपरचा अभ्यासक्रम डाउनलोड करा. पेपरच्या नावावर जाऊ नका, घटक वाचा. प्रत्येक घटकापुढे तास दिलेले असतात, आणि खरा भर कुठे आहे ते तिथेच कळतं. पर्यटनाच्या नावाचा पेपर आतून बराचसा व्यवस्थापनाचा असू शकतो. मग तो पेपर शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना थेट भेटा आणि विचारा, ‘माझी बारावी सायन्सची आहे, मला कुठे अडेल?’ बहुतेक शिक्षक मनापासून सांगतात. इंटर्नलला लेखी परीक्षा आहे की प्रकल्प, आणि इंटर्नल व सेमिस्टर परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, हेही तिथेच विचारून घ्या.

टाइमटेबल हा सगळ्यात रुक्ष पण सगळ्यात निर्णायक भाग. सगळ्या शाखांची मुलं एकत्र बसवायची म्हणून अनेक कॉलेजं ओईचे तास एकाच वेळी ठेवतात, तेही भल्या सकाळी नाहीतर दिवसाच्या शेवटी. एसटीच्या पासावर गावाहून येणाऱ्या मुलींचा ओई इथेच बुडतो. हजेरी कमी पडते, मग इंटर्नलचे गुण जातात. तुमच्या गावची गाडी आणि तो तास यांचा मेळ बसत नसेल तर फॉर्म भरण्याआधीच विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या. चार-पाच मुलींनी मिळून दिलेला अर्ज जास्त लवकर ऐकला जातो.

मुलं कमी आली तर पेपर सुरूच होत नाही, म्हणून दुसरी आणि तिसरी पसंतीही पहिलीइतकीच विचार करून लिहा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचा कोर्स क्रेडिटसाठी धरायचा असेल तर नाव नोंदवण्याआधी कॉलेजची मान्यता घ्या. मिळवलेले क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या तुमच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतात. तिथलं नाव, आधारवरचं नाव आणि बारावीच्या मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना, ते आत्ताच तपासा. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरूनही खातं अडकू शकतं.

तास सुरू झाल्यावर पेपर आपल्यासाठी नाही असं वाटलं तर बदलाची मुदत ऑफिसात लगेच विचारा. अर्ज, दोन्ही विभागांच्या सह्या आणि नव्या वर्गाच्या हजेरीपटावर नाव, ही तिन्ही कामं मुदतीच्या आत व्हायला हवीत. अर्जाची पोच घ्या आणि सेमचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.