मांजराच्या बंदिस्त गॅलरीत मनी प्लांटऐवजी काय लावावं?

कमी उजेडाची गॅलरी म्हटली की नर्सरीत हातात मनी प्लांट पडतो. घरात मांजर असेल तर तो आणू नका. अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम ही सगळी अळूच्याच कुळातली. मांजराने पान चावलं की या सुया जिभेत आणि हिरड्यांत रुततात, लाळ गळते, ते पंजाने तोंड घासत राहतं. ‘उंच टांगा, काही होत नाही’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. वेल खाली लोंबणारच, त्यासाठीच तर ती लावायची.

आधी उजेड बघा. दुपारी बाराला कुंडीच्या जागी पांढऱ्या कागदावर हात धरा. सावली पुसट पडली तरी बोटं ओळखू येत असतील तर काम होईल. सावलीच पडत नसेल तर तिथे काही लावू नका.

अशा जागेसाठी तीन झाडं पुरेत: स्पायडर प्लांट, हॉया आणि बोस्टन फर्न. तिन्ही मांजरांसाठी बिनविषारी आहेत. हॉया कमी उजेडात तग धरेल, पण फुलांची आशा धरू नका.

खरी अडचण ओळखण्यात आहे. नर्सरीतल्या नावावर कधीही विसंबू नका, झाड हातात घेऊन तपासा.

‘स्पायडर’ म्हणून स्पायडर लिलीही गळ्यात मारली जाते आणि ती विषारी आहे. बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला करा. खाली कांदा लागला तर कुंडी परत ठेवा. स्पायडर प्लांटला कांदा नसतो, जाड पांढरी मुळं असतात आणि लांब दांड्यांच्या टोकाला पिल्लं लोंबतात.

‘फर्न’ म्हणून अस्पॅरॅगस फर्न मिळतं. ते नेचं नाहीच, आपल्या शतावरीचं भावंड आहे. सुयांसारखी बारीक पालवी, दांड्यावर काटे, पुढे लाल फळं; ती फळं खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. बोस्टन फर्नचं पान कंगव्यासारखं असतं आणि त्याला काटे नसतात.

हॉया आणि मनी प्लांट यांत सर्वात जास्त गोंधळ होतो. हॉयाची जाड, मेणचट पानं पेरावर समोरासमोर जोडीने येतात, मनी प्लांटची एकाआड एक. खात्रीसाठी एक पान तोडा: हॉयातून पांढरा चीक येतो, मनी प्लांटमधून येत नाही. पण चीक आला म्हणजे झाड सुरक्षित, असा उलटा अर्थ काढू नका. शेराच्या कुळातल्या विषारी झाडांनाही चीक असतो. पानांची जोडी आणि चीक, दोन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. शंका उरली तर झाड घेऊ नका.

आता माती. नर्सरीच्या मातीत बऱ्याचदा दाणेदार कीटकनाशक असतं. ती पूर्ण झटका, मुळं धुवा आणि कोकोपीट, गांडूळखत, जाड वाळू समान घेऊन नवी भर घाला. एरंडीची पेंड अजिबात नको. तिच्यात रिसिन हे जहाल विष राहू शकतं आणि वासाने जनावर कुंडी उकरतं. मुळांतून शोषलेलं औषध पानं धुऊन जात नाही, म्हणून नवं झाड निदान महिनाभर मांजराच्या हाती लागू देऊ नका. त्यापेक्षा ओळखीच्या घरातून स्पायडर प्लांटचं पिल्लू मागून आणा. पाण्यात ठेवलं की आठवडा-दोन आठवड्यांत मुळं धरतं.

कुंडी साखळीने टांगा. सुतळी किंवा नायलॉनची दोरी नको. मांजर ती चघळतं, गिळलेली दोरी आतड्यात अडकते आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते.

पाणी वरची दोन बोटं माती सुकल्यावरच. पावसाळ्यात याच्याही निम्मं.

स्पायडर प्लांट मांजरं आवडीने कुरतडतात आणि जास्त खाल्लं की ओकतात. एखाद-दुसऱ्या ओकारीने घाबरू नका, लोंबती टोकं वीतभर छाटा. मात्र मांजराने लिलीचं पान, परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी चाटल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट पाहू नका. लिलियम (पुष्पगुच्छातली लिली) आणि डे लिली यांनी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात; स्पायडर लिली यांतली नाही, पण तीही विषारीच. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि लगेच पशुवैद्यांकडे न्या.